नऊ वर्षं नियमित, आणि सून आल्यावर गोळ्या बंद

दंडोबाची_पायरी

मंडळी, नमस्कार. इतके दिवस नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांगली जिल्ह्यात एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या गोळ्यांच्या, कामात मला अकरा वर्षं झाली. सुरुवातीला आउटरीचला होते. म्हणजे तारीख चुकलेल्या पेशंटच्या गावात जायचं, आणि कशासाठी आलोय ते शेजारणीला कळू न देता त्याला गाठायचं. आता समुपदेशन करते. खाली लिहितेय त्यातले तपशील बदललेत, गाव शोधत बसू नका.

एक गृहस्थ आहेत, तात्या म्हणू. पन्नाशी ओलांडलेली, दोन एकर द्राक्षबाग, स्वतःची विहीर. गेली नऊ वर्षं एकही तारीख चुकवली नाही. पहिल्या वर्षी सीडी४, म्हणजे रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, अगदी तळाला होता. नंतर दरसालचा व्हायरल लोडचा (रक्तात विषाणू किती, त्याचा) रिपोर्ट 'विषाणू सापडला नाही' असाच. बायकोला सगळं ठाऊक, ती निगेटिव्ह. मुलाला सांगितलेलं नाही.

दिवाळीनंतर मुलाचं लग्न झालं. मार्चची तारीख चुकली. फोन केला तर "बाहेरगावी आहे". पुढच्या आठवड्यातही बाहेरगावीच. शेवटी बाजारच्या दिवशी मीच गाठलं त्यांना, कोथिंबिरीच्या ढिगापाशी. बाजूला घेऊन विचारलं तर म्हणाले, "ताई, बाटली ज्वारीच्या कोठीत असायची. आता दळण सून काढती."

एवढंच कारण. उलट्या नाहीत, चक्कर नाही, देवऋषी नाही, दारू नाही. बाटली ठेवायला जागा उरली नाही म्हणून तीन महिने गोळी नाही.

आमच्या ट्रेनिंगमध्ये गोळ्या सुटण्याच्या कारणांचा तक्ता असतो. दुष्परिणाम, विसर, व्यसन, अंतर, गैरसमज. त्या तक्त्यात 'कोठी' हा रकाना नाही. म्हणून इथं विचारतेय. कुणी स्वतः गोळ्या घेत असेल, घरात कुणी असेल, किंवा या कामात असेल, तर तुम्ही काय केलंत ते सांगा. नवीन आयडी काढून लिहिलंत तरी चालेल.

खलबत्ता

धागा चांगला. मी औषधवाटपाच्या खिडकीच्या आतल्या बाजूला बरीच वर्षं काढलीत, त्यामुळे तेवढंच बोलतो.

सध्याची नेहमीची गोळी टीएलडी. टेनोफोविर ३००, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोलुटेग्राविर ५० मिलिग्रॅम, तिन्ही एकाच गोळीत. दिवसातून एकदा, जेवणाआधी किंवा नंतर, कधीही, फक्त वेळ ठरलेली हवी. तात्यांना घाबरवू नका. तीन महिने खंड पडला म्हणजे औषध कायमचं गेलं असं नाही. जुन्या नेव्हिरापिनच्या तुलनेत डोलुटेग्राविर फार चिवट आहे, विषाणूला सहजी दाद देत नाही. परत आल्यावर आधी खोकला, ताप, वजन घटणं आणि रात्रीचा घाम हे चार प्रश्न विचारा, कारण खंडाच्या काळात टीबी डोकं वर काढतो. टीबी निघालाच आणि त्यावरचं रिफाम्पिसिन सुरू झालं, तर डोलुटेग्राविरची आणखी एक गोळी बारा तासांनी द्यावी लागते. आणि सुटलेल्या गोळ्यांची भरपाई म्हणून दोन-दोन घ्यायच्या नाहीत, हे बजावून सांगा. आपल्याकडे लोकांना बुडालेला हप्ता भरायची सवय आहे.

एक गोष्ट कुणी विचारत नाही म्हणून सांगतो. पित्ताची पातळ औषधं, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या यांच्यासोबत डोलुटेग्राविर नीट शोषलं जात नाही. टीएलडी आधी घ्या आणि पित्ताचं औषध दोन तासांनी, किंवा ते आधी घेतलं असेल तर टीएलडी सहा तासांनी. आमच्याकडची एक आजी गोळी रोज घ्यायची, तरी लोड खाली येईना. झोपताना गोळी आणि लगेच त्यावर दोन चमचे गुलाबी औषध, असा तिचा नेम निघाला.

स्पष्ट_बोलतो_कराड

राग मानू नका, पण सरकार फुकट औषध देतंय, फुकट तपासण्या करतंय, घरी माणूस पाठवतंय. एक गोळी घ्यायची तेवढी घ्यावी की माणसानं. कोठीचं कारण मला तरी पटलं नाही.

गलाईवाला

कराडकर, मी स्वतः गोळ्या घेतो. २०१४ पासून. वाचा आणि मग पटतंय का बघा.

आमच्या विटा-खानापूर-आटपाडी भागातली निम्मी घरं सोन्या-चांदीच्या गलाईवर चालतात. भट्टी लावायची, सोनं गाळून शुद्ध करून द्यायचं. मी तमिळनाडूत आहे. दुकान म्हणजे दहा बाय बारा, वर पोटमाळा. पोटमाळ्यावर आम्ही पाच जण झोपायचो, पाचही एकमेकांच्या भावकीतले. तिथं गोळी लपवायची कुठं?

तेव्हा गोळीत इफाविरेंझ असायचं. झोपताना घ्यायची. पहिला महिनाभर डोकं भोवंडायचं आणि स्वप्नं पडायची ती सिनेमासारखी, रंगीत. भट्टीत पडलोय, दुकान लुटलंय, वडील विहिरीत हाक मारतायत. ओरडत उठायचो. पोरं म्हणायची, याला गावच्या म्हसोबाचं काहीतरी राहिलंय. त्यांनी वर्गणी काढून नारळ पाठवला. मी गप्प बसलो, बरंच झालं म्हटलं, कारण मिळालं.

बाटली खडखडते हे ज्यानं कधी लपवलीय त्यालाच माहीत. खिशात चालताना आवाज येतो. मी वरून कापूस दाबून भरायचो. लेबल पाण्यात भिजवून काढायचो. एका तारखेला काउन्सेलर म्हणाली, लेबल का काढलं, बॅच नंबर लागतो. तेव्हापासून लेबल घडी घालून पाकिटात ठेवतो. वेड्यासारखं वाटेल, पण ठेवतो.

पहिली दोन वर्षं औषधासाठी गावी यायचो. दर महिन्याला. मालक म्हणायचा, "तुझ्या घरी दर महिन्याला कोण मरतंय?" मग सांगलीकडच्या मॅडमनी ट्रान्सफरचं सांगितलं. हिरवं पुस्तक, म्हणजे पेशंटजवळ असतं ते उपचाराच्या नोंदींचं, आणि पत्र घेऊन तिकडच्या सेंटरला नाव घातलं. भाषा येत नव्हती. पण तिथला फार्मसीवाला मला बघितलं की दोन बोटं वर करून विचारायचा, दोन महिने? आता तीन महिन्यांचं मिळतं आणि गोळी बदलून टीएलडी झाली. सकाळी चहाबरोबर घेतो. स्वप्नं बंद. खोटं कशाला बोलू, वडील विहिरीतून हाक मारायचे ते एक स्वप्न अजून कधीकधी यावं वाटतं.

कराडकर, गोळी गिळायला दोन सेकंद लागतात. बाकीचा दिवस ती दोन सेकंदं शोधण्यात जातो.

मिरजेची_सतार

गलाईवाले, _/\_

दंडोबा, एक बाळबोध प्रश्न. तुम्हीच सुनेला विश्वासात घेऊन सांगून टाकलंत तर? आजकालच्या मुली शिकलेल्या असतात.

दंडोबाची_पायरी

सतार, मोह मलाही होतो. पण नाही सांगता येत. एचआयव्हीचा २०१७ चा कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. माणसाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती आम्ही घरच्यांना सांगायची नाही. जोडीदाराच्या बाबतीत काही अटींवर वेगळी तरतूद आहे, ती सुनेला लागू नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी तात्यांनी नऊ वर्षं जे राखलं ते मी एका दुपारी कसं उधळू? लोड न सापडण्याइतका कमी असला तर शरीरसंबंधातूनसुद्धा लागण होत नाही. ताट-वाटी, पाणी, नातवंडं यांचा तर प्रश्न कधीच नव्हता. म्हणजे सुनेला कळलंच पाहिजे असं कारणही नाही. तात्यांना सांगावंसं वाटलं तर मी शेजारी बसेन, एवढंच.

कराडकर, तुमच्यावर राग नाही. मीही पहिली दोन वर्षं तुमच्यासारखीच बोलायचे, तेही पेशंटच्या तोंडावर. पेशंट आला की उरलेल्या गोळ्या आम्ही मोजतो. तीसची बाटली, अठ्ठावीस दिवसांनी आला तर दोन उरायला हव्यात. एक मावशी यायच्या, हिशेब नेहमी चोख. मी त्यांचं उदाहरण इतरांना द्यायचे. लोडचा रिपोर्ट आला तो हजाराच्या कितीतरी वर. नंतर कळलं की एसटी स्टँडच्या मोरीत उरलेल्या गोळ्या ओतून मावशी वर यायच्या, कारण एकदा सहा गोळ्या उरल्या होत्या तेव्हा मी त्यांना सगळ्यांसमोर बोलले होते. त्या दिवसापासून मोजताना मी आधी म्हणते, "उरल्यात ना? उरतातच."

बोरीचं_झाड

मी आटपाडीकडची. मी सांगतीय, लेक टाइप करतीय. तिला ठावं हाय सगळं, तिनंच हा धागा दावला.

मालक २००६ ला गेलं. ट्रकवर हुतं. तवा माजी तपासणी केली, निघालं. लेक पोटात न्हवती तवा, चार वर्साची हुती, तिची निगेटिव्ह आली, तिथंच खाली बसले मी. माजा सीडी४ जास्त हाय म्हणून गोळ्या दिल्या न्हाईत. तवा दोनशेच्या खाली उतरल्याबिगर मिळत न्हवत्या. म्हंजी अजून आजारी पड, मग ये. पुढं सुरू झाल्या. त्या टायमाच्या गोळीनं गालफडं बसली, हातापायाच्या शिरा वर आल्या. गावात लोकं त्वांडाकडं बगूनच वळखायची. आता तसं न्हाई, आता उलट वजन वाढतंय म्हणून डाक्टर बोलत्यात.

मी द्राक्षाच्या बागंत जाते. विरळणी, डिपिंग. एक खाडा म्हंजी चारशे गेलं, आन् मुकादम दुसऱ्या दिशी म्हणतो टोळीत जागा न्हाई. डिपिंगच्या टायमाला सेंटरची तारीख आली की पोटात गोळा यायचा. आता तीन म्हयन्यांच्या देत्यात, लई बरं झालं. लॉकडाऊनमदी त्ये सुरू झालं. त्या रोगानं आमचं यवढं एक भलं केलं.

यस्टीला आमाला सवलत हाय म्हणं. पर कार्ड कंडक्टरला दावाय लागतं. आमच्या गाडीचा कंडक्टर माज्या मावसभावाचा साडू! म्या कवाच दावलं न्हाई. आता बायांना हाप तिकीट झालंय त्ये काडते. त्ये समद्याच काडत्यात.

तात्याला सांगा, जागा घरात हुडकू नगा. माजी बाटली धा वर्सं शेळीच्या खोपटात हुती, वळचणीला. शेळी कुनाला सांगत न्हाई.

खलबत्ता

'शेळी कुनाला सांगत न्हाई' _/\_ _/\_

स्पष्ट_बोलतो_कराड

मावशी, माफ करा. मी वरचं घाईत लिहिलं.

पण मग साधा प्रश्न. औषध घरपोच का देत नाहीत? सगळं घरपोच येतं आता.

निवृत्त_सिस्टर

कराडकर, प्रश्न रास्त आहे, पण उलटा बसतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही शक्य तिथं पोचवलं. कुणी आशाताईंच्या हातून, कुणी दुधाच्या गाडीवरून, कुणी स्वतः मोटारसायकलवर. तेव्हा बरेच पेशंट म्हणाले, "सिस्टर, घरी नका येऊ. फाट्यावर उभी राहते." खेड्यात अनोळखी माणूस पिशवी घेऊन घरी आला की संध्याकाळपर्यंत पारावर तीन कथा तयार होतात. गावाजवळच्या ग्रामीण रुग्णालयात लिंक एआरटी सेंटर असतं, तिथून औषध घ्या म्हटलं तरी निम्मे तयार होत नाहीत. जवळ म्हणजे ओळखीचं. सांगली जिल्ह्यातले काही जण मुद्दाम कोल्हापूरला जातात, साताऱ्याकडचे काही सांगलीला येतात. दोन तासांचा प्रवास ही त्यांची फी आहे, न ओळखलं जाण्याची.

फोनचंही तसंच. तारीख चुकली की आम्ही फोन लावायचो. उचलणारा मुलगा असायचा किंवा दीर. मग आम्ही शिलाईवाल्या व्हायचो, "ब्लाउज शिवून झालाय, घेऊन जा." एका पेशंटबरोबर ठरलं होतं, "भिशीची पाळी आलीय." खोटं बोलणं बरोबर की चूक यावर आमच्यात वाद व्हायचे. शेवटी असं ठरवलं की नाव नोंदवतानाच विचारायचं, फोन कुणी उचलला तर मी कोण? ते जे सांगतील ते कार्डाच्या कोपऱ्यात लिहायचं. मी काय काय नव्हते! मावशी, बचत गटाची अध्यक्ष, आणि एका म्हाताऱ्याची आत्ये.

हे सगळं जमलं होतं आणि मग मोबाइलमध्ये ते ॲप आलं, नंबर कुणाचा ते दाखवणारं. कुण्या पेशंटनं आमचा नंबर 'एड्सवाल्या मॅडम' म्हणून साठवलेला. झालं, तेच नाव सगळ्यांच्या पडद्यावर! एका घरात त्यावरून रामायण झालं. त्यानंतर आम्ही नंबर बदलला आणि प्रत्येकाला सांगितलं, आमचं नाव साठवायचं ते 'खत दुकान' म्हणून.

कोयनेचं_पाणी

पाटण तालुक्यातला, वाशी मार्केटला माथाडी. माझ्या चुलतभावाचं सांगतो. नाव मुंबईच्या सेंटरला. यात्रेला आला दहा दिवसांसाठी, आई पडली, मांडीचं हाड मोडलं, राहिला दीड महिना. गोळ्या संपत आल्या तेव्हा घाबरून गप्प बसला होता. मी हिरवं पुस्तक बघितलं, म्हटलं चल साताऱ्याला. पुस्तक बघून त्यांनी मधल्या काळापुरत्या गोळ्या दिल्या, नाव तिकडंच राहू दिलं. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पुस्तक बरोबर ठेवा. १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन केला तरी जवळचं सेंटर सांगतात, फोन फुकट आहे.

वारणेची_वाळू

पुस्तकावरून आठवलं. ऑगस्ट २०१९, महापूर. आमच्या ओळखीतली एक बाई पत्र्यावरून बोटीत उतरली तेव्हा हातात प्लास्टिकची एक पिशवी, गाठ मारलेली. बोटीतल्या पोरानं विचारलं, सोनं काय? रेशनकार्ड, हिरवं पुस्तक आणि बाटली निघाली. मंगळसूत्र घरीच राहिलं होतं.

इर्विनवरून

थोडं जुनं सांगतो, कारण तरुण मंडळींना वाटतं हे सगळं आपोआप आलं. देशात फुकट एआरटी सुरू झाली १ एप्रिल २००४ ला, तीही सुरुवातीला मोजक्या आठ दवाखान्यांत. त्याआधी सांगलीत ज्यांना लागण होती त्यांनी जमीन विकून गोळ्या घेतल्या, आणि जमीन संपली की गोळ्या संपल्या. माझा वर्गमित्र त्यातला. २०१७ पासून सीडी४ कितीही असो, निदान झालं की औषध सुरू. आटपाडीच्या मावशींना जे 'अजून आजारी पड' ऐकावं लागलं ते आता कुणाला ऐकावं लागत नाही.

आणि सांगलीचं म्हणून एक आहे. १९९२ पासून 'संग्राम' संस्थेनं इथं काम सुरू केलं ते गोकुळनगरातल्या बायकांच्याच हातात निरोध देऊन, तुम्हीच वाटा म्हणून. पुढं त्या बायकांची स्वतःची संघटना झाली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. ज्यांना सगळं शहर रोग पसरवणाऱ्या म्हणत होतं, त्याच बाया दारोदार जाऊन समजावत होत्या. तेव्हा दंडोबा, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर इतकंच की तात्यांची गाठ गोळ्या घेणाऱ्याच दुसऱ्या एखाद्या बागायतदाराशी घालून द्या. तुम्ही कितीही चांगल्या असलात तरी तुमच्या घरात कोठीतली बाटली नाही.

दंडोबाची_पायरी

इर्विन, लागलं, पण खरं आहे. तसे एक आहेत, पलूसकडचे, त्यांना विचारते.

(अवांतर: संजय गांधी निराधारबद्दल खाजगी निरोप आलेत. हो, महिना १५०० ची ही योजना आपल्या पेशंटनाही आहे, उत्पन्नाची अट बघून. अर्ज तहसीलला जातो आणि गावात नाव वाचलं जाईल या भीतीनं लोक भरत नाहीत. ज्यांना भरायचाय त्यांनी आधी सेंटरच्या काउन्सेलरशी बोला.)

गलाईवाला

तात्या आले का हो?

दंडोबाची_पायरी

आले. काल. पलूसकरांना घेऊन आले, किंवा त्यांनी यांना आणलं, मला नक्की कळलं नाही. दोघं बाकावर बसून करपा आणि भुरीवर बोलत होते, मी हाक मारली तरी उठेनात. वजन चार किलो उतरलंय. खोकला नाही, थुंकी तपासायला घेतलीच आहे. लोडचं सॅम्पल गेलंय, रिपोर्ट यायचाय. डॉक्टरांनी टीएलडी परत सुरू केली. सध्या एकाच महिन्याची दिलीय, पुढच्या तारखेला बघू.

सुनेला सांगायचं नाही, अजून तरी. मी विचारलं, मग ठेवणार कुठं? तर ते आधीच ठरलं होतं. पलूसकर म्हणाले, "विहिरीवर." तात्या सकाळी मोटर चालू करायला जातातच, सून तिकडं फिरकत नाही. स्टार्टरच्या पेटीला कुलूप आहे, किल्ली करदोट्याला.

आटपाडीच्या मावशी, तुमची शेळी मी त्यांना सांगितली. हसले. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

खलबत्ता

दंडोबा, स्टार्टरच्या पेटीत नको. पत्र्याची असते, एप्रिल-मेमध्ये आत हात घालवत नाही, आणि गोळ्या तीस अंशांच्या आत राहायला हव्यात. मोटारीच्या खोलीत भिंतीला कोनाडा असेल तर त्यात ठेवायला सांगा, उन्हाच्या उलट्या अंगाला. आणि बाटलीत ती छोटी पुडी असते ओल ओढून घेणारी, ती फेकू नका म्हणावं. कापूस घालायचा तर पुडीच्या वर.

बोरीचं_झाड

कोनाडा नसंल तर म्या सांगते, मडकं पुरा.